लई वलं वाजतंय

"लई वलं वाजतंय ह्ये," नाना म्हणाले, आणि माझ्या लॅपटॉपकडे त्यांनी असं पाहिलं, जणू त्यातून खरंच पाणी गळतंय.

सांगलीत आमचा पाच जणांचा अभिवाचनाचा गट आहे. वाचणारे चौघं, पाचवी मी. माझा आवाज तिसऱ्या रांगेपुढे जात नाही, म्हणून संगीताची बाजू माझ्याकडे आली. लहानपणापासून अकरा वर्षं सतार शिकले, एवढंच त्यामागचं भांडवल. ती सतार आता कपाटावर गवसणीत आडवी पडून असते आणि दिवाळीच्या साफसफाईत तिची जागा बदलते.

अभिवाचनात संगीत म्हणजे काय असतं, हे ज्यांनी चारदोन कार्यक्रम पाहिलेत त्यांना सांगायला नको. आईचा उल्लेख आला की बासरी. आठवण आली की संतूर. कुणी गेलं की सारंगी. वारी असेल तर पखवाज. वाचणाऱ्याचा आवाज जरा हळवा होतो न होतो तोच मागून सूर येतो आणि श्रोत्यांना कळतं, आता रुमाल काढायचा. मीही हेच करत आले होते. लोकांना आवडायचं. नंतर चहाच्या वेळी एखाद्या काकू येऊन हात हातात घ्यायच्या.

त्या वर्षी आम्ही व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घेतली. १९५५ सालची कादंबरी, छोटीशीच. माणदेशातल्या धनगरवस्तीत एक कोवळा मास्तर शाळा चालवायला येतो, हळूहळू वाडीचा होतो, दुष्काळ पडतो, वाडी उठून जाते. गोष्ट एवढीच. आम्ही दीड तासाची संहिता काढली आणि मी मोठ्या उत्साहात घरी जाऊन सगळ्यात आधी 'कॉल ऑफ द व्हॅली' लावली.

हे सुचणं साहजिक होतं. १९६७ सालची ही ध्वनिमुद्रिका म्हणजे काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा एक दिवस. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. पहाट होते अहीर भैरवात. अहीर म्हणजे गुराखी, गवळी; रागाच्या नावातच जनावरं राखणारा माणूस उभा आहे. शिवाय एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत ही मुद्रिका घडवून आणणारे जी. एन. जोशी म्हणजे आपल्याकडे 'रानारानात गेली बाई शीळ' गाणारे जोशी. मेंढपाळ, पहाट, अहीर, शीळ. एवढं सगळं जुळून आल्यावर मी आणखी कशाला शोधू? मास्तर एकटा पायी माळावरून वाडीकडे निघालाय, या सुरुवातीच्या भागाखाली मी पहिली दोन मिनिटं नेमकी बसवली. पहिल्या तालमीला ऐकवली. तेव्हा नाना ते वाक्य बोलले.

नाना आमच्यातले सगळ्यात वयस्क. वीज मंडळात लाइनमन होते. मूळचे आटपाडीकडचे, म्हणजे माडगूळकरांच्याच मुलखातले. गटात ते कारभारी, म्हणजे कादंबरीतला वाडीचा म्होरक्या, वाचतात, आणि खरं सांगायचं तर वाचत नाहीत, बोलतात.

मी वाद घातला. म्हटलं, नाना, हासुद्धा मेंढपाळच आहे, ही पहाटच आहे.

"आसंल की," नाना म्हणाले. "पर ताई, तिकडं मेंढरू हिरव्यात चरतंय. हिकडं मेंढरू हुडकतंय."

घरी येऊन पुन्हा ऐकलं, आणि चिडचिड झाली, कारण ते बरोबर होते. संतुराला शंभराच्या आसपास तारा. दोन हलक्या कलमांनी त्या छेडल्या की एक सूर विझायच्या आत दुसरा त्याच्यावर येऊन पडतो. सगळे सूर एकमेकांत भिजतात. थेंब, ओघळ, झरा असे शब्द संतुराबद्दल लिहिताना टाळताच येत नाहीत. आमचं रेकॉर्डिंग करणारा मुलगा घुमणाऱ्या आवाजाला 'वेट' आणि न घुमणाऱ्याला 'ड्राय' म्हणतो, स्टुडिओतली ती नेहमीची भाषा आहे. नाना कधी स्टुडिओत गेले नव्हते. त्यांनी कानानेच ते ओळखलं होतं. माणदेशात वर्षाला पाऊस पडतो पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही आपल्या मर्जीने. त्या माळावर मी काश्मीरचं बर्फ वितळून आलेलं पाणी सोडलं होतं.

मग मी पुस्तक पुन्हा वाचलं, यावेळी डोळ्यांऐवजी कानांनी. माडगूळकरांचं वाक्य घुमत नाही. लहानसं येतं, जे दाखवायचं ते दाखवतं आणि थांबतं. पुढचं वाक्य आधीच्याच्या अंगावर रेलत नाही. या माणसाने पुढे अनेक वर्षं पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांसाठी काम केलं, आणि चित्रंही काढली. त्यांच्या गद्यात चित्रकाराची रेघ दिसते हे तर सगळेच म्हणतात, पण त्यात आवाजही रेघेसारखाच आहे. कुत्रं भुंकलं तर ते भुंकणं एवढंच. त्याच्यामागे उदास संध्याकाळ वगैरे येत नाही. उदास वाटायचं की नाही, ते वाचणाऱ्यावर सोडलेलं.

हे कळलं, तरी वळलं नाही. मी दुसरी वाट धरली: प्रहर. आपल्याकडे रागांना वेळा आहेत, कादंबरीतल्या प्रसंगांनाही वेळा असतात. मग भाव जुळवण्याऐवजी घड्याळ जुळवावं. वहीत रकाने आखले. पहाटेखाली भैरवाची मंडळी, दुपारी सारंग, तिन्हीसांजेला मारवा, रात्री उशिरा दरबारी. पावसाची वाट पाहणाऱ्या भागासमोर मी मेघ लिहिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खोडला. आभाळ कोरं असताना मेघ वाजवणं म्हणजे उपाशी माणसासमोर पाककृती वाचणं.

मारव्यावर मात्र माझा जीव होता. राम नारायण यांची सारंगी. हा राग पंचम, म्हणजे प, घेतच नाही, आणि षड्जावर, म्हणजे मूळच्या सा वर, यायचं टाळत राहतो. घर समोर दिसतंय पण माणूस उंबऱ्याशी थांबून पुन्हा मागे फिरतो, तसं. गाव ओस पडत जाण्याला याहून काय जवळचं असणार? त्यात राम नारायण आणि माडगूळकर दोघंही १९२७ चे. असले योगायोग सापडले की आपली निवड बरोबरच आहे असं वाटायला लागतं. त्याचा संगीताशी काडीचा संबंध नसतो.

ती सारंगी मी लावली शेकूच्या बायकोच्या प्रसंगाला. ज्यांनी पुस्तक वाचलंय त्यांना तो विसरता येत नाही. पेरणीच्या वेळी शेकूकडे एकच बैल असतो, दुसरा मिळत नाही, आणि जुवाच्या दुसऱ्या बाजूला त्याची बायको उभी राहते. हा भाग आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका वाचतात. तीनदा तालीम झाली, तीनदा त्या मध्येच अडल्या. चौथ्यांदा त्यांनी पान खाली ठेवलं.

"अगं, तुझी ती सारंगी माझ्या आधी रडायला लागते," त्या म्हणाल्या. "मी वाचू काय मग?"

सारंगीची थोरवी अशी सांगतात की ती माणसाच्या गळ्याच्या सगळ्यात जवळ जाते. अडचण तिथंच होती. त्या प्रसंगात कुणाचाच गळा दाटलेला नाही. एक बाई काम करतेय. तिला त्या क्षणी स्वतःची कीव करायला सवड नाही, आणि लेखकाने ती तिच्या वतीने केलेली नाही. मी मात्र सांगलीत पंख्याखाली बसून, एका थोर कलावंताच्या गजाने, तिच्या वाट्याचं रडून घेत होते. मला त्या रात्री जरा लाजच वाटली. आजवर किती आयांच्या मागे बासऱ्या वाजवल्या, ते आठवत बसले.

तो प्रसंग आम्ही कोराच ठेवला.

सगळंच असं नडलं नाही. वाडीची माणसं कुस्तीची तालीम बांधतात, तो भाग घ्या. तिथं विचार करायचं कारणच नव्हतं: हलगी. सांगली-कोल्हापूरकडे कुस्तीचा फड हलगीशिवाय तापत नाही. कातडं शेकोटीवर धरून ताणून घेतलेलं असतं, त्यामुळे काठी पडली की आवाज कडकडीत येतो, शेपूट न ठेवता. नानांनी मांडीवर थाप मारली. वाळका आवाज!

तालमीच्या उद्घाटनाला राजेसाहेब येतात. हे राजेसाहेब वाचताना औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींची आठवण न येणं अवघड. सूर्यनमस्काराचं वेड असलेला राजा दुसरा कोण होता? इथं मी माझी हौस भागवून घेतली. औंध म्हणजे गाण्याचं गाव. अंतूबुवा जोशी तिथले दरबार गायक. आपल्या गुरूंच्या, शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ त्यांनी १९४० साली सुरू केलेला संगीत महोत्सव अजून चालू आहे. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जेवढे गवई, तेवढेच व्हायोलिनवादक. म्हणून राजेसाहेबांच्या मोटारीबरोबर मी गजाननबुवांचं व्हायोलिन आणलं, चाळीस सेकंद. ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही हे धागेदोरे कळणार नव्हते. तरी ठेवलं. आपण कधीकधी स्वतःसाठीही वाजवावं.

अंजीसाठी सुंदरी सापडली. कारभाऱ्याची ही पोरगी मास्तरकडे चोळी शिवून आणायला कापड देते आणि त्यावरून भलताच घोळ होतो. सुंदरी म्हणजे सनईची धाकटी बहीण म्हणावी असं वाद्य, सोलापूरच्या जाधव घराण्याने नावारूपाला आणलेलं. आवाज बारीक, चढा, जरा आगाऊ. सनईत लग्नाचा मांडव ऐकू येतो, सुंदरीत तो येत नाही. अंजीला हवी ती फक्त एक चोळी, बाकीचं गावाने रचलं, आणि ते या छोट्या वाद्याला बरोब्बर कळलं असं मला वाटतं. वाचणाऱ्यांपैकी दोघांना हे पटलं नाही. त्यांना बासरीच हवी होती. वाद अजून मिटलेला नाही.

राहिला कारभारी. त्याचं जाणं.

त्यासाठी माझ्या मनात पहिल्यापासून रुद्रवीणा होती. झिया मोहिउद्दीन डागर यांची. पनवेलजवळ पळस्पे इथं त्यांचं गुरुकुल होतं, म्हणजे हे वाद्य आपल्याला परकं नाही. आलापात ते खर्जातला एक सूर घेतात, तो सावकाश खाली जातो, आणि मग काहीच होत नाही. पुष्कळ वेळ होत नाही. खरं तर हा आवाज संतुराहूनही जास्त वेळ रेंगाळतो, तरी मला तो ओला वाटला नाही. सूर गेल्यावर रिकामी झालेली जागा भरायची घाई तिथं कुणाला नाही म्हणून असेल. नानांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान डोलावली. आणि मग वाचनालयाच्या सभागृहात लावून पाहिलं, तर तिथल्या स्पीकरमधून तो खर्ज बाहेरच येईना. नुसती घरघर. शेवटच्या रांगेत बसलेल्या आमच्या माणसाला वाटलं, शेजारच्या गल्लीत बोअरची गाडी आलीय.

तेव्हा मी सतार खाली काढली.

गवसणी सोडली तर दोन तारा तुटलेल्या, पडदे सरकलेले, घोडीवर खाचा. मिरज आमच्यापासून बसने अर्ध्या तासावर. तिथं सतारमेकर गल्लीत गेले. तिथले कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. फरीदसाहेबांपासून ही घराणी तंतुवाद्यांकडे वळली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात ओळीने भोपळे टांगलेले. एक हातात घेतला. एवढा मोठा, आणि वजन जवळजवळ नाहीच. हे कुठून येतात, विचारलं. पंढरपूरकडून, कारागीर म्हणाले. शेतकरी मुद्दाम लावतात, वेलीवरच जून होऊ देतात, मग वाळवायचे. ओलसर राहिला तर कीड लागते, आवाज बसतो.

पंढरपूरकडून, म्हणजे माणदेशाच्या शेजारूनच. मी इतके दिवस कोरडा आवाज शोधत फिरत होते आणि तो माझ्या कपाटावर पंधरा वर्षं पडून होता. पण एवढ्यावर हुरळून जायचं कारण नव्हतं, कारण सतार काही मुळात कोरडी वाजत नाही. तिची सगळी श्रीमंती झंकारात. मी कारागिरांना अडखळत सांगितलं, मला घुमणारा नको, जरा सुका आवाज हवाय. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "जवारी बंद करून देतो."

जवारी म्हणजे तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा. तो किती सपाट, किती उतरता घासायचा, यावर तार घोडीला किती चाटत राहते ते ठरतं. खुली जवारी असेल तर झंकार लांबतो. बंद केली तर सूर गोळीबंद येतो आणि लवकर आवरतो. फरक केसभराचा. त्यांनी कानस घेतली, दोनदा घासली, तार चढवली, छेडली, पुन्हा उतरवली. असं सातआठ वेळा. मी शिकत होते तेव्हा माझे गुरुजी जवारी खुली ठेवायचे आणि मीही तेच खरं मानत आले होते. तरफेच्या तारा मी सैल करून त्यांच्याखाली कापडाची पट्टी सरकवली, म्हणजे त्या आपणहून साथ द्यायला लागणार नाहीत. गुरुजी असते तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं.

बोटं तर केव्हाच मऊ झाली होती. मी वाजवणार होते काय? कारभाऱ्याच्या भागात, वाक्यांच्या मध्ये, चार सूर. राग म्हणावा असं काही नाही. त्यातले दोन नानांनी कमी करायला लावले.

"आता वाळलंय," ते म्हणाले.

शेवट उरला होता. पाऊस नाही, चारा नाही, धनगर मेंढरं घेऊन निघून जातात, वाडी रिकामी होते आणि मास्तरही निघतो. इथं काय वाजवायचं? मला धनगरी ढोल-कैताळ सुचले होते. गजीनृत्याचे ढोल ज्याने जवळून ऐकलेत त्याच्या छातीत ते राहतात. पण ढोल म्हणजे माणसं जमलेली, आणि इथं तर माणसंच गेलेली. मग वाटलं, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा. लांब लांब जाणाऱ्या. साधी कल्पना, पण इंटरनेटवर सापडलेल्या घंटा सगळ्या परदेशी कुरणातल्या वाटत होत्या. त्यातही ओल.

म्हणून एका रविवारी नाना आणि मी आरेवाडीला गेलो, कवठे महांकाळच्या पुढे, बिरोबाच्या बनात. देवळाच्या मागच्या बाजूला माळ आहे. दुपारी एक कळप मिळाला. राखणाऱ्या बाबांना नानांनी तंबाखू दिली, आम्ही काय करतोय ते समजावलं. त्यांना ते अजिबात पटलं नाही, पण हरकतही नव्हती. मी मोबाइल पुढे धरून कळपाच्या मागे पंधरा मिनिटं चालले. घंटा होत्या, मोजक्याच जनावरांच्या गळ्यात. बाबा म्हणाले, सगळ्यांना कशाला, पुढच्याला असली की बास.

घरी येऊन ऐकलं तर घंटा नव्हत्याच. वारा मोबाइलच्या माइकवर सारखा आपटत होता. धप, धप, मग फरफर, मग पुन्हा धप. ज्याला रेकॉर्डिंगवाले दोष म्हणतात, तोच दोष पंधरा मिनिटं. मधूनच कुठेतरी टिण् असं काहीतरी, तेही खात्री नाही. मी फाइल पुसायला निघाले होते. म्हटलं, पुसण्याआधी नानांना ऐकवावी, त्यांचा रविवार गेलाय.

नानांनी पहिल्यांदा ऐकली, दुसऱ्यांदा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी संहितेचं शेवटचं पान काढलं आणि काहीही न सांगता वर वाचायला सुरुवात केली. ते पान खरं तर त्यांचं नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात सत्तरेक माणसं होती. शेकूच्या बायकोच्या वेळी पंख्यांची करकर स्पष्ट ऐकू आली, तेवढी एक गोष्ट मला खटकली. माझे दोन सूर बरे लागले. शेवटचं पान सुरू झालं, मी फाइल लावली, आवाज जरा वर नेला. धप. फरफर. धप. तिसऱ्या धपला मागच्या दारातून साउंडवाला वाकून वाकून, वायरीत पाय न अडकवता, जवळजवळ धावतच माझ्यापर्यंत आला आणि कानाशी कुजबुजला, "ताई, माइक गेलाय वाटतं, बंद करू?"

मी त्याचा हात धरून ठेवला. पान अजून अर्धं बाकी होतं.